जुन्या मोटारीचे घर्षण-शॉकअप : खराब रस्त्यासाठी किती आवळायचे, किती सोडायचे

माझ्याकडे चुलत्यांकडून आलेली १९३४ ची ऑस्टिन सेव्हन आहे. ती ताब्यात आली त्या वर्षी कोल्हापुरातून पन्हाळ्याला निघालो आणि निघण्याआधी सगळ्या शॉकअपचे नट पान्याने पिळून घट्ट केले. हिशोब सरळ होता: रस्ता खराब, तेव्हा शॉकअप कडक हवेत. वाघबीळपर्यंत दातावर दात आपटायला लागले. पुढची चाकं खड्ड्यातून उसळून रस्त्यावर थाडथाड पडत होती आणि घाट लागायच्या आत मागच्या एका शॉकअपचा चॅसीकडचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडचा बोल्ट तुटून दांडा लोंबकळायला लागला. लाजिरवाणी गोष्ट अशी, की त्यानंतर गाडीची ती बाजू जास्त बरी चालायला लागली.

नव्याने जुनी मोटार घेतलेले बहुतेक जण हीच चूक करतात. म्हणून ही सगळी रीत सुरुवातीपासून लिहितो आहे. गॅरेजमध्ये कोणी ‘शॉकॲब्सॉर्बर’ असं पूर्ण म्हणत नाही, मीही इथे शॉकअपच म्हणेन.

आधी एक गैरसमज काढून टाका

नाव काहीही असो, शॉकअप धक्का झेलत नाही. धक्का झेलतात टायर आणि पाटे, म्हणजे पोलादी पानं एकावर एक रचून केलेल्या स्प्रिंगा. दगडावर चाक चढलं की पाटा दबतो आणि दगड मागे गेला की तो दाबलेली सगळी ताकद परत देतो. गाडी वर उसळते, खाली येते, पुन्हा उसळते. शॉकअपचं काम इथे सुरू होतं. झोपाळ्यावर बसून आपण पाय जमिनीला घासत झोका थांबवतो ना, अगदी तेच काम. पाय जोरात रोवला तर झोका थांबतो खरा, पण गचका कमरेत बसतो. मी पन्हाळ्याच्या वाटेवर तेच केलं होतं.

गाडी किती भराभर हेलकावे खाते हे पाट्यांवर ठरतं. गाडीच्या वजनाने पाटा जितके सेंटिमीटर दबलेला असतो, त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. उत्तर म्हणजे सेकंदाला होणारे हेलकावे. १० सेंमी दबलेला पाटा सेकंदाला साधारण दीड हेलकावा देतो, ५ सेंमी दबलेला सव्वादोन. जुन्या हलक्या गाड्यांचे पाटे ताठ असतात आणि त्या टुणटुण उडतात त्या यामुळे. शॉकअप कितीही आवळून पाटा मऊ होत नाही.

तुमच्या गाडीवर कोणता प्रकार आहे?

अगदी सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींना शॉकअप नव्हतेच. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी जवळपास वीस वर्षं निघाली, तीही कारखान्यातून शॉकअपशिवाय. पाट्यांच्या पानांचं एकमेकांवर घासणं हाच काय तो तिचा लगाम.

घर्षणाचा शॉकअप ही मूळ फ्रान्समधल्या त्र्युफो यांची कल्पना. एडवर्ड हार्टफर्ड यांनी ती अमेरिकेत नेली, म्हणून आजही या प्रकाराला सरसकट ‘हार्टफर्ड’ म्हणतात. इंग्लंडमध्ये ते आंद्रे या कंपनीच्या नावाने निघत. ओळखायला सोपा आहे. कात्रीसारखे दोन दांडे, एकाचं टोक चॅसीला, दुसऱ्याचं एक्सलला. दांडे जिथे जुळतात तिथे डबीएवढा गोल भाग, आत एकावर एक ठेवलेल्या लाकडाच्या किंवा (ब्रेक-क्लचला असतं तसल्या) लायनिंगच्या चकत्या, वरून चांदणीच्या आकाराची चपटी स्प्रिंग आणि मधोमध एक नट. नट आवळला की चकत्या एकमेकींवर जास्त दाबल्या जातात, कात्री उघडमिट करायला जास्त जोर लागतो. एवढंच यंत्र. बिघडण्यासारखं फारसं काही नाही, म्हणून नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. हा लेख मुख्यतः याच प्रकाराबद्दल आहे.

दुसरा प्रकार पट्ट्याचा, गॅब्रिएल स्नबर हा त्यातला गाजलेला. पट्टा फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. त्यामुळे तो गाडीची वरची उसळी तेवढी धरतो, पाटा दबताना मध्ये येत नाही. तिसरा तेलाचा, डबीतून एकच दांडा बाहेर आलेला. त्याबद्दल शेवटी थोडं सांगतो. आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाडीवर आजच्यासारखे नळीचे शॉकअप दिसले, तर बहुतेक वेळा ते नंतर कोणीतरी बसवलेले असतात.

पहिली पायरी : शॉकअपला हात लावू नका, पाटे बघा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडे मी तो तुटका बोल्ट घेऊन गेलो, त्यांनी शॉकअपकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली वाकले, बोटाने पाटा खरवडला आणि विचारलं, “काय ओ मालक, पाट्यास्नी ग्रीस कवा दिलतंसा?” मी गप्प.

गंजलेल्या पाट्याची पानं एकमेकांना चिकटतात. असा पाटा लहान धक्क्याला हलतच नाही, मोठ्या धक्क्याला एकदम सुटतो. त्यावर शॉकअपही घट्ट असेल, तर तुम्ही आणि एक्सल यांच्यामध्ये फक्त टायर उरतो. म्हणून गाडी समतल जागी घ्या आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून उटी (अडवायचे ठोकळे) लावा. नंतर चॅसी उचलून घोड्यांवर (पक्क्या स्टँडवर) ठेवा, म्हणजे पाटे मोकळे लोंबतील. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. जुन्या गाडीचा जॅकसुद्धा जुनाच असतो, हे लक्षात ठेवा.

पानं फाकवून तारेच्या ब्रशने गंज काढा, मध्ये ग्राफाइटचं ग्रीस भरा. शॅकलच्या (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या कडीच्या) पिनांना ग्रीसगनने ग्रीस द्या, जुनं काळं ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. पाटा एक्सलला बांधणारे यू-बोल्ट आवळलेले आहेत का पाहा. एखादं पान तुटलं असेल तर तिथेच थांबा, पाटा भरून घेतल्याशिवाय पुढचं काही करण्यात अर्थ नाही.

टायरच्या हवेबद्दल इशारा. “खराब रस्ता आहे, हवा थोडी कमी ठेवा” असं कोणीतरी सांगतंच. रुंद बलून टायरच्या बाबतीत ते थोडंफार चालतं. पण १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या कित्येक गाड्यांना बीडेड एज टायर असतात. ते रिमच्या वळलेल्या कडेत हवेच्या दाबानेच अडकून बसलेले असतात. हवा कमी केली की वळणावर टायर रिममधून निघू शकतो. त्या गाड्यांना हवा पुस्तकात दिली आहे तेवढीच.

किंगपिन (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन) आणि चाकाची बेअरिंग याच वेळी हलवून बघा. पुढची चाकं थरथरत असतील आणि शॉकअप आवळून ती थरथर गेली, तर रोग बरा झालेला नसतो, झाकलेला असतो.

दुसरी पायरी : शॉकअप उघडून साफ करा

दोन्ही टोकांचे बोल्ट काढून शॉकअप टेबलावर घ्या. मधला नट सोडण्याआधी सगळा गठ्ठा कसा रचला आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. चकत्या आणि वायसर यांचा क्रम चुकला की एक बाजू सरकते आणि दुसरी जाम बसते.

चकत्या लाकडी असतील तर त्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. आवाज येतो म्हणून तेल सोडण्याचा मोह फार जणांना होतो. तेल प्यालेलं लाकूड धुऊन पूर्ववत होत नाही, चकती बदलावीच लागते. चकत्या लायनिंगच्या आणि जुन्या असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्या कोरड्या घासायच्या नाहीत आणि हवेच्या पाइपाने फुंकायच्या तर मुळीच नाहीत. ओल्या फडक्याने उचला, पिशवीत बांधून बाजूला ठेवा आणि नव्या घाला.

नव्या चकत्या कोणताही लेथवाला काढून देतो. मी शिसवीच्या करून घेतल्या. बाजारात क्लचप्लेटचं ॲस्बेस्टॉसविरहित लायनिंग मिळतं, तेही चालतं, पण त्याची पकड लाकडापेक्षा वेगळी असते, तेव्हा नटाची जुनी खूण विसरून सगळं माप नव्याने घ्यावं लागतं. एका एक्सलच्या दोन्ही बाजूंना एकाच मालाच्या चकत्या घाला. एकीकडे लाकूड आणि दुसरीकडे लायनिंग अशी गाडी मी पाहिली आहे. ती ब्रेक दाबला की नमस्कारसुद्धा तिरका करायची.

काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून लाकडी चकत्यांची पाठ-पोट सपाट करा. धातूच्या तबकड्यांवरचा गंज काढा. दांड्यांच्या टोकांची रबरं किंवा बुश ढिले असतील तर बदला, कारण तिथे दोन-तीन मिलिमीटर खेळ असला तर चाक तेवढं हलेपर्यंत शॉकअप झोपलेलाच असतो.

तिसरी पायरी : माप घ्या

बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि मग वर्षभर अंदाजाने नट फिरवत बसतात. मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडते ती हीच, म्हणून जरा सावकाश सांगतो. सामान काय लागतं? मोजपट्टी, खडू, दोन मित्र आणि भंगारवाल्याकडे असतो तसला हुकाचा काटा.

आधी पाट्याचा ताठपणा काढा. शॉकअप अजून लावायचे नाहीत. चाकाच्या मध्यापासून चॅसीवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरचं दबणं मिसळतं. आता दोघांना बरोबर मागच्या एक्सलच्या वर बसवा, गाडी दोन-चारदा हलवा म्हणजे पाटे नीट बसतील, आणि पुन्हा मोजा. समजा दोघांचं वजन १२० किलो आणि गाडी ३ सेंमी दबली. दोन्ही पाटे मिळून सेंटिमीटरला ४० किलो, म्हणजे एकेक पाटा २० किलोचा.

आता खरी गंमत. गाडी रिकामी करा. मागून दोघांनी मिळून हळूहळू खाली दाबा आणि तितक्याच हळू सोडा. थांबेल तिथे खडूची खूण. मग हळूहळू वर उचला, हळू सोडा, दुसरी खूण. दोन्ही खुणा एकाच जागी येणार नाहीत. मधलं अंतर म्हणजे गाडीची ‘मेलेली जागा’. त्या पट्ट्यात घर्षण पाट्याला जिंकतं, गाडी जिथे सोडाल तिथे उभी राहते. या अंतराचं अर्धं करून पाट्याच्या ताठपणाने गुणा, की एका बाजूचं घर्षण किलोत मिळतं. अंतर ०.८ सेंमी आलं तर ०.४ गुणिले २०, म्हणजे ८ किलो. शॉकअप अजून टेबलावर आहेत, तेव्हा हे सगळं घर्षण पाट्यांचं आहे.

मी सुरुवातीला शॉकअपसह ही मेलेली जागा दीड ते दोन सेंटिमीटर होईल असं धरतो. हे माझ्या अनुभवाचं माप आहे, कुठल्या कंपनीचं नाही. वरच्या गाडीला १.६ सेंमी ठेवायचे ठरवले, तर एका बाजूला एकूण १६ किलो घर्षण हवं. त्यातलं ८ पाटे देतातच, उरलेलं ८ शॉकअपने द्यायचं. पाटे गंजून एका बाजूला १६ किलोंवर आधीच पोचले असते, तर शॉकअपला कामच उरलं नसतं. मिस्त्री आधी पाटा का खरवडतात ते इथे कळतं.

शॉकअप चॅसीला लावा, एक्सलकडचं टोक मोकळं ठेवा. गाडी जमिनीवर उभी असताना ते टोक ज्या उंचीला असतं, त्याच उंचीच्या आसपास काटा अडकवून सरळ खाली ओढा. कात्री जास्त उघडली किंवा मिटली की आकडा बदलतो, म्हणून उंचीचा आग्रह. दोन आकडे दिसतील: दांडा सुटतो त्या क्षणाचा, आणि हलायला लागल्यावरचा. दुसरा धरा. मग टोक वर ओढून तोच आकडा घ्या आणि दोन्हींची सरासरी काढा, नाहीतर दांड्याचं स्वतःचं वजन हिशोबात घुसतं. सुटण्याचा आकडा हलण्याच्या आकड्याच्या फार वर असेल, तर चकत्या चिकटत आहेत, पुन्हा उघडा.

८ किलो येईपर्यंत नट फिरवा. दर वेळी षट्कोनी नटाची एकच बाजू, म्हणजे पूर्ण फेऱ्याचा सहावा भाग. डावा-उजवा आकडा जुळेपर्यंत हलू नका. नटांच्या खुणा जुळल्या नाहीत तरी चालतील, किलो जुळले पाहिजेत.

एवढ्याने काय फरक पडतो?

घर्षणाच्या शॉकअपचं एक वैशिष्ट्य आहे. त्याचा विरोध वेगावर अवलंबून नसतो. दांडा सावकाश हलवा की झटक्याने, जोर जवळपास तोच. त्यामुळे दर अर्ध्या हेलकाव्याला उसळी ठरावीक अंतराने कमी होते, आणि ते अंतर म्हणजे आपण खडूने मोजलेली मेलेली जागा. गतिरोधकावरून ५ सेंमी उसळलेली आपली गाडी पुढे ३.४, मग १.८, मग ०.२ अशी तीन टप्प्यांत शांत होते. शॉकअप काढलेले असते तर दर टप्प्याला फक्त ०.८ सेंमी कमी होऊन सहा टप्पे लागले असते.

याची दुसरी बाजू त्रासाची आहे. जो खडा पाट्याला घर्षणापेक्षा कमी जोर देतो, त्याच्यासाठी पाटा अस्तित्वातच नाही. तो थेट टायरमधून तुमच्या पाठीला कळतो. शॉकअप जितका आवळाल तितके जास्त खडे या यादीत येतात. तेलाच्या शॉकअपचं नेमकं उलट असतं: सावकाश हालचालीला सोडून देतो, झटक्याला अडवतो. म्हणून आधुनिक गाडीचा अनुभव इथे आणू नका.

चौथी पायरी : गतिरोधकावरची परीक्षा

आता रस्त्यावर. ओळखीचा, एकटा, वाहतूक नसलेला गतिरोधक निवडा. तो कुठे मिळेल हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. ताशी १५ किलोमीटरने सरळ जा आणि मित्राला बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायला सांगा. चालकाला आतून सगळंच खूप वाटतं, चित्रण खोटं बोलत नाही.

बघायच्या गोष्टी दोन. गतिरोधक ओलांडल्यावर गाडीचं अंग किती वेळा वरखाली होतं? दीड हेलकाव्यात थांबलं तर ठीक. तीन-चार वेळा झालं तर डावीकडे-उजवीकडे दोन्ही नटांची एकेक बाजू आवळा. दुसरं, चाक गतिरोधकावरून उतरताना जमिनीला चिकटून उतरतं की क्षणभर अधांतरी राहतं? अधांतरी राहत असेल तर शॉकअप चाकाला खाली जाऊ देत नाहीये. सोडा.

एका वेळी एकाच एक्सलचे नट फिरवायचे. पुढचे-मागचे एकदम फिरवलेत तर कशाने काय झालं हे कळणार नाही. आणि प्रत्येक बदल वहीत लिहा. माझ्या वहीची पहिली दोन पानं तेलकट बोटांनी वाचता येत नाहीत, म्हणून आता पेन्सिल वेगळ्या पिशवीत ठेवतो.

पाचवी पायरी : ‘खराब’ म्हणजे कसला खराब?

रस्ता खराब आहे एवढं म्हणून भागत नाही. प्रत्येक खराबीला वेगळं उत्तर आहे, आणि काही ठिकाणी ते तुमच्या अंदाजाच्या उलट आहे.

उखडलेली खडी, दगडी सोलिंग, गावाकडची फरशी: धक्के लहान आणि सतत. इथे मूळ मापापासून नटाची एक बाजू *सोडा*. पाटा हलला पाहिजे, थोडी उसळी परवडते. गगनबावड्याच्या वाटेवर काम चालू असताना मी दोन बाजू सोडून गेलो होतो. गाडी जहाजासारखी डुलत होती, पण एक नटबोल्ट ढिला झाला नाही.

मुरुमाच्या रस्त्यावरच्या आडव्या लाटा, पन्हळी पत्र्यासारख्या. त्या ७५ सेंमी अंतरावर असतील आणि तुम्ही ताशी ३० ने जात असाल, तर सेकंदाला ११ ठोके बसतात. एवढ्या वेगाला गाडीचं अंग हलत नाही, एक्सल मात्र टायरवर नाचायला लागतो, कारण त्याची स्वतःची नाचायची गती साधारण तिथेच असते. सुटलेल्या शॉकअपने एक्सल नाचतो, आवळलेल्याने सगळी गाडी थडथडते. यावर नटाचा इलाज अर्धवटच आहे, मूळ माप ठेवा आणि वेग बदला. ताशी १५ वर ठोके साडेपाचावर येतात आणि नाच बंद होतो.

खड्डे, म्हणजे पावसाळ्यानंतरचे खोल खड्डे: मूळ माप, फार तर अर्धी बाजू सोडून. चाक खड्ड्यात पटकन उतरलं पाहिजे.

लांब लाटा, म्हणजे खचलेलं डांबर, पुलाच्या दोन्ही टोकांचे उंचवटे: इथे मात्र एक बाजू आवळा. पाटा दोन्ही टोकांना आपटेपर्यंत हेलकावे वाढू शकतात, आणि जुनी गाडी पाटा आपटल्यावरच मोडते.

मागे माणसं आणि सामान असेल तर मागच्या नटांना आणखी एक बाजू. वजन वाढलं की हेलकावा संथ पण दमदार होतो. उतरल्यावर परत सोडायला विसरू नका. रिकामी गाडी मागून कडक असली की ओल्या वळणावर मागची चाकं उड्या मारत बाहेर सरकतात. पुढच्या बाजूला मी कायम थोडा हात राखून असतो. फार सोडलं तर स्टिअरिंग थरथरतं, फार आवळलं तर प्रत्येक खडा मनगटात येतो, आणि या दोन टोकांमधली जागा नटाच्या जेमतेम दोन बाजूंची असते.

पावसाळा आणि नव्या चकत्या

नव्या चकत्या पहिल्या ५०–६० किलोमीटरमध्ये बसतात आणि माप खाली येतं. तेव्हा पुन्हा काटा लावायचा. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि वागणं बदलतं. जुलैत लावलेलं माप दिवाळीनंतर तसंच राहील ही अपेक्षा ठेवू नका. कोकणात राहणाऱ्यांनी वर्षातून दोनदा माप घ्यावं. महिनाभर उभी असलेली गाडी काढताना पहिला अर्धा किलोमीटर सावकाश चालवा, चिकटलेल्या चकत्या सुटू द्या.

तेलाच्या डबीवाल्यांसाठी थोडक्यात

फोर्डची मॉडेल ए (१९२८–३१) असेल तर तिच्यावर मुळात हुडाय यांच्या पद्धतीचे, आत पातं फिरणारे शॉकअप होते. त्यात खनिज तेल नव्हे, ग्लिसरीन असतं. ग्लिसरीन हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे वर्षानुवर्षं न उघडलेल्या डबीत गंज आणि पाणी निघतं. काढून, धुऊन, पुन्हा ग्लिसरीनच भरा. त्यात इंजिन ऑइल मिसळू नका. दांड्याच्या आसावरची सुईसारखी झडप आत फिरवली की वाट अरुंद होते आणि शॉकअप कडक होतो. इथेही थोडंथोडंच फिरवायचं आणि दोन्ही बाजू जुळवायच्या.

मॉरिस मायनरसारख्या युद्धानंतरच्या गाड्यांवर आर्मस्ट्राँगचे एका दांड्याचे शॉकअप येतात. त्यांना बाहेरून आवळायला काही नाही. तेल पूर्ण आहे का, सील गळतंय का, एवढंच बघायचं. मायनरच्या पुढच्या बाजूला तर शॉकअपचा दांडा हाच वरचा सस्पेन्शनचा दांडा असतो, त्यामुळे तिथला खेळ म्हणजे चाकाचाच खेळ. नळीचे नवे शॉकअप बसवून मूळचा काढून टाकतो असं कोणी म्हणालं, तर या कारणासाठी आधी थांबवा.

फिरून आल्यावर

गाडी घरी लावली की लगेच प्रत्येक शॉकअपला हात लावून बघा. आधी हाताच्या पाठीने हलका स्पर्श करा, लांबच्या प्रवासानंतर तो भाजण्याइतका तापलेला असू शकतो. एकाच एक्सलचे दोन्ही सारखे कोमट असतील तर मापं जुळली आहेत. एक गरम आणि दुसरा थंड असेल, तर थंडवाला काम करत नाहीये. त्याचा नट ढिला झालाय, टोकाचं बुश गेलंय किंवा चकतीला तेल लागलंय. आवळायची घाई न करता आधी तोच उघडा. दांड्यांच्या टोकांचे सगळे बोल्ट पान्याने तपासा, विशेषतः चॅसीकडचे.